बाकड्याचं पलीकडचं टोक

खुर्सावाडा, डिचोलीजवळ
रविवार, १२ जून १९८८

आदरणीय कृष्णनाथ भावोजी यांस, धाकटा मेहुणा गोकुळदास याचा वाकून नमस्कार, आणि सरस्वतीताईच्या पाया पडतो.

पत्राच्या माथ्यावर 'श्री' नाही हे तुम्ही चष्मा लावून आधी तपासलं असेल. आपल्या विवेक मंडळाचा चिटणीस म्हणून बावीस वर्षांत मी एकाही कागदावर 'श्री' काढलेला नाही. (शाळेत मुलांच्या पाटीवर काढायचो, पण तो पगाराचा भाग.) 'ईश्वरकृपेने' असं न लिहिता 'परिस्थितीकृपेने' लिहायचं हा ठराव तुमचाच, त्याला धरून परिस्थितीकृपेने आम्ही सगळे बरे आहोत. भाग्यलक्ष्मीची कंबर अधूनमधून धरते, माझे दोन दात हलतात. तुमचा गुडघा कसा आहे? वाळपईच्या त्या वैद्याच्या तेलाने उतार पडला की नुसताच वास पडला? ताईचा गुरुवारचा उपास चालू आहे का? (तो ती पोट साफ राहावं म्हणून करते, असं तुम्ही मला सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला. मंडळ चालवायचं तर एकमेकांवर विश्वास ठेवावाच लागतो.)

आता मुद्द्यावर येतो. आपल्या मंडळाचा तिसरा आणि शेवटचा सभासद शंभू गेल्या आठवड्यात वाळपईच्या बसने तुमच्याकडे येऊन गेला. मी ख्रिस्तांवांच्या खुर्सापुढे, म्हणजे क्रुसापुढे, उभा राहून मेणबत्त्यांच्या उजेडात लदीन, म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना, म्हटलं, ते लॅटिनमधून म्हटलं आणि डोळे मिटून म्हटलं, असं त्याने तुम्हाला सांगितल्याचं कळलं. ते ऐकून तुम्ही तीन दिवस दाढी केली नाहीत, हेही कळलं. भावोजी, त्यातलं डोळे मिटल्याचं खोटं आहे. बाकीचं खरं आहे. पण शंभूच्या तोंडून ऐकलेलं धरू नका, त्याने त्या दिवशी काय काय खाल्लं ते पुढे येईलच. झालं ते मी क्रमाने सांगतो, निवाडा तुम्ही करा.

इनास मेस्ताला तुम्ही दोनदाच पाहिलंत. आमच्या कुंपणाला लागून ज्याचं घर, तो सुतार. आम्ही दोघं एकाच वयाचे. बावीस वर्षांपूर्वी मी या वाड्यावर बदलून आलो तेव्हा तो दोन घरांच्या मध्ये, फणसाखाली, एक बाकडं करून ठेवत होता. फणसाचंच लाकूड, रंधा मारून असं केलेलं की माशी घसरावी. मी बसण्याआधी सवयीप्रमाणे वाकून खाली बघितलं (तुम्हीच शिकवलंत, कुठेही बसायचं तर आधी खाली बघावं), तर पाय टोकांना नव्हतेच, चांगले हातभर आत घेतलेले. म्हणजे एकटा माणूस टोकाला बसला की पलीकडचं टोक वर आणि माणूस खाली. मी त्याला चूक दाखवली. तो म्हणाला, चूक नाही, हे दोघांचं बाकडं आहे, एकट्याने बसायला घरात खुर्ची असते. त्या दिवसापासून रोज दुपारी जेवण झालं की एका टोकाला मी, एका टोकाला तो, आणि मध्ये देव आहे की नाही हा प्रश्न. बावीस वर्षं! एवढ्या काळात माझी तीन मुलं शिकून नोकरीला लागली, पण हा प्रश्न पास झाला नाही.

त्याच्या वादाची तऱ्हा तुम्हाला मी कधी सांगितली नाही, कारण मला तिचं उत्तर सापडत नव्हतं आणि मंडळाच्या वहीत निरुत्तर होण्याला रकाना नाही. आपण म्हणतो, आधी पुरावा आण, मग मानतो. इनास पुरावा आणायचाच नाही. तो म्हणायचा, मी देवापाशी पोचत नाही मास्तर, मी देवापासून निघतो. एकदा त्याने पेटीतला गुण्या काढून माझ्या हातात दिला. हा काटकोनात आहे हे कशाने तपासशील? म्हटलं, दुसऱ्या गुण्याने. आणि तो? तिसऱ्याने. असं करत जाशील तेव्हा कुठेतरी पहिला गुण्या धरावाच लागेल की नाही? तो तपासता येत नाही, त्याने बाकीचं सगळं तपासता येतं. मी म्हटलं, माझा पहिला गुण्या माझी बुद्धी. तर म्हणतो, ती सरळ आहे हे कशाने तपासलंस, बुद्धीनेच ना? आणि खरं बोलावं, दिलेला शब्द पाळावा, दुबळ्याला लाथ मारू नये, हे तू मुलांना शिकवतोस ते कुठल्या दुकानातून आणलंस? असं म्हणून बोटाच्या पेराने बाकड्यावर दोनदा टकटक करायचा, फणस पिकला का बघतात तशी. मुद्दा जिंकला की टकटक, ही त्याची खूण. "म्हज्या बांकार बसून मेस्तच ना म्हणटा तूं," हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. माझ्याच बाकड्यावर बसून सुतार नाही म्हणून सिद्ध करतोस, असं. मी विचारायचो, बरं, असेल तुझा देव, पण असला तर वर कुठेतरी असेल, त्याचा मला काय उपयोग? त्यावर तो लाकडाची भुशी झटकत सांगायचा की त्याचा देव वर बसून राहिला नाही, खाली आला आणि सुताराच्या घरी वाढला. तो बाकड्याच्या पलीकडच्या टोकाला येऊन बसतो, म्हणून तोल राहतो. असल्या माणसाशी वाद कसा घालायचा सांगा.

मधे सात महिने आमचं बोलणं बंद होतं. देवावरून नव्हे, राजभाषेवरून. तो कोंकणीच्या मोर्चात, मी मराठीच्या. दोघांनी एकमेकांच्या दारावरून घोषणा दिल्या. (नेमक्या त्या दिवशी आमच्याकडचा उंडो पाव संपला होता, तो भाग्यलक्ष्मीने रोजाकडूनच, म्हणजे इनासाच्या बायकोकडूनच, मागून आणला. घोषणा चालू असतानाच.) मी हट्टाने एकटाच फणसाखाली जाऊन माझ्या टोकाला बसलो, बाकडं उलटलं, मी उताणा. मनगट मुरगळलं. इनास रंधा टाकून धावत आला, मला उठवलं, पलीकडच्या टोकाला बसला, आणि सात महिने पुसले गेले. पुढे कायदा झाला, राज्य झालं, आम्ही दोघंही आपापल्या परीने थोडे नाराज राहिलो.

आता लदिनाचं. आमच्या वाड्याच्या टोकाला चिऱ्याची जुनी खाण आहे आणि तिच्या कडेला पांढरा खुरीस. इनासाच्या आजोबांच्या वेळच्या तापाच्या साथीत वाड्याने नवस केला की दर मे महिन्यात इथे लदीन म्हणायचं. नवस करणाऱ्यांत ख्रिस्तांव चार घरं, हिंदू वीस. आता चारांतली तीन घरं कुलूप लावून मुंबईला नाहीतर आखातात गेलेली, पण त्यामुळे लदीन कधी चुकलेलं नाही. पुढे इनासाने एकेक नाव म्हणायचं, मागे सगळ्यांनी 'ओरा प्रो नोबीस' म्हणून जाब द्यायचा, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. आमच्या वाड्यावरच्या बायकांना त्याचा अर्थ ठाऊक नाही, पण सूर असा लागतो की अंगावर काटा येतो. यात पाद्री लागत नाही, घरच्यांनी आणि गावच्यांनीच म्हणायचं असा रिवाज. लदीन एकदाच चुकलं, पोर्तुगेजांच्या वेळी, इनासाचा बाप आजारी होता तेव्हा. त्याच महिन्यात खाण कोसळली आणि चिरे काढणारी सहा माणसं आत राहिली. त्यांना वर काढता आलं नाही. तेव्हापासून खाण बंद आहे, आणि ज्या वर्षी लदीन चुकेल त्या वर्षी वाड्यावरचा एक जण जाईल असं लोक मानतात. याला आपण काकतालीय न्याय म्हणतो, आणि मी बाकड्यावर बसून तसं शंभरदा म्हटलंही आहे.

फेब्रुवारीत इनासाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बावीस वर्षं जे तोंड बंद व्हावं म्हणून मी ग्रंथ चाळले ते एका सकाळी बंद झालं, भावोजी. मी रोज दुपारी त्याच्या खाटेशी जाऊन बसायचो. डाव्या हाताने तो खाटेच्या लाकडावर टकटक करायचा, एक म्हणजे नाही, दोन म्हणजे होय. मी आपला एकट्यानेच दोन्ही बाजूंनी वाद घालायचो. त्याची बाजू मी चुकीची मांडली की एक टक. (आजारी माणूस, पण एकही चूक सोडायचा नाही.) एप्रिल सरला तशी रोजा डोळ्याला पदर लावू लागली. लदीन कोण म्हणणार? शब्द फक्त इनासाला तोंडपाठ. छापलेलं पुस्तक त्याच्याकडे कधी नव्हतंच, त्याच्या बापानेही तोंडीच शिकवलेलं. वाडा इनासाकडे बघायला लागला, या वर्षी जाणारा कोण हे बघतात तसा. मला त्या नजरेचा संताप आला. मी खाटेशी जाऊन विचारलं, इनास, तू स्वतःसाठी भितोस का? एक टक. मग कुणासाठी? त्याने डावा हात उचलला आणि बोट माझ्या छातीवर टेकवलं. हा माणूस तीन महिने अंथरुणात पडून माझी काळजी करत होता, की लदीन चुकलं तर बाकड्यावर बसून नाही-नाही म्हणणाऱ्यालाच नेतील.

आता इथे माझी एक जुनी चूक आडवी आली. वीस वर्षांपूर्वी, लदिनातली विसंगती दाखवायची म्हणून, मी मागे उभा राहून ते सगळं देवनागरीत उतरून घेतलं होतं. पुढे दर वर्षी ताडूनही बघितलं. खंडन लिहायचं राहून गेलं, पण शब्द पाठ झाले. ही गोष्ट घरात फक्त भाग्यलक्ष्मीला माहीत होती, म्हणजे विहिरीवर सगळ्यांना. माणसं दारात आली. मी म्हटलं, मी नास्तिक, मला जमणार नाही. तेव्हा वाड्याने जे केलं ते जगात दुसरीकडे कुठे करत नसतील. सगळे उठून सातेरीच्या देवळात गेले, आणि ख्रिस्तांवांचं लदीन नास्तिकाने म्हणावं की नाही याचा देवीकडे प्रसाद, म्हणजे कौल, लावला. धाकू गुरवाने पाकळ्या भिजवून मूर्तीला चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी, म्हणजे होकाराची, पडली. मी पुढे होऊन सांगितलं की ओली पाकळी वाळली की पडते, हे पदार्थविज्ञान आहे. धाकू शांतपणे म्हणाला, मग उलटं विचारूया, मास्तराने म्हणायचं असेल तर डावी दे. डावी पडली. भावोजी, देवळात हशा पिकला, मीही हसलो, पण निघताना लक्षात आलं की एकटी रोजा हसत नव्हती. ती देवीपुढे हात जोडून उभी होती, गळ्यात तिचा खुरीस, आणि रडत होती. तिथे मी हो म्हटलं.

सराव कुठे करायचा? घरात केला तर शंभू मंडळाची सभा बोलावणार. म्हणून मी भर दुपारी बाराला खुर्सापाशी जायचं ठरवलं. त्या वेळी तिकडे चिटपाखरू नसतं, कारण ती देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदार भुताची, वेळ समजतात. (मी ती जेवणाची वेळ समजतो.) ऊन असं की खाणीच्या तांबड्या भिंती डोळ्यांत घुसतात, वारा पडलेला, झाडाचं पान हलत नाही, आणि आपली सावली पायाखाली गेलेली. वही उघडली, घसा खाकरला, आणि खालच्या आवाजात पहिलं नाव घेतलं, 'सांता मारिया'. मग घाम पुसायला थांबलो. तेवढ्यात खाणीतून उत्तर आलं, 'ओरा प्रो नोबीस'. एकाचा आवाज नव्हे. पाच-सहा बाप्यांचा, दिवसभर काम करून दमलेल्यांचा, धुळीने बसलेला आवाज. मी मनात म्हटलं प्रतिध्वनी, वहीत वेळ लिहिली, आणि घराकडे निघालो. अर्ध्या वाटेत पाय थांबले. प्रतिध्वनी म्हणजे आपलंच बोलणं परत येणं. मी 'सांता मारिया' म्हटलं तर 'मारिया, रिया, या' असं यायला हवं. मी जे म्हटलंच नाही ते खाण कशी म्हणेल?

दुसऱ्या दिवशी प्रयोग केला, तुम्ही शिकवलेल्या पद्धतीने. आधी साताचा पाढा म्हटला, मोठ्याने. खाणीने नीट परत केला, शेवटचे दोन दोन शब्द, जसे द्यायला हवेत तसे. मग 'विवेक मंडळाचा विजय असो' म्हटलं, 'असो, असो' आलं. मग आवाज न बदलता लदिनातलं दुसरं नाव घेतलं, आणि पुन्हा तोच जाब, सगळे एका सुरात, थोडे रेंगाळत. मी वाकून खाली बघितलं. तळाला हिरवं पाणी, त्यावर पडलेली पानं, आणि पाणी इतकं थिर की वरचा खुरीस त्यात उलटा दिसत होता. खाली माणूस उभा राहील अशी वीतभर जागाही नव्हती. तिसऱ्या दिवशी साक्षीदार म्हणून भाग्यलक्ष्मीला नेलं. ती ऐकून म्हणाली, बरं म्हणतात, फक्त तुम्ही घाई करता, त्यांना श्वास घ्यायला वेळ द्या. आणि भात करपेल म्हणून घरी निघून गेली! मी धाकूला गाठून विचारलं, हे खाणीत कोण आहे? धाकू पानाला चुना लावत होता, त्याने वरही बघितलं नाही.

"तांकां पाठ आसा, मास्तर," तो म्हणाला. "त्या वर्साचें तांचें रावलां."

त्यांना पाठ आहे, त्या वर्षीचं त्यांचं राहिलंय. एवढंच. मला रात्री ताप भरला, शंभर आणि वर दोन काड्या. पण दुसऱ्या दिवशी बाराला मी परत गेलो, भावोजी. का गेलो ते विचारू नका. सहा दमलेली माणसं वाट बघत असतील आणि आपण पाढा अर्धा सोडून घरी बसायचं, हे आयुष्यभर शाळा चालवलेल्या माणसाला झेपत नाही.

पंधरा मेला, रविवारी, तिन्हीसांजेला लदीन झालं. इनासाला चौघांनी खुर्चीवरून आणलं, त्याच्या मांडीवर रोजाने चादर टाकली. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. खिसे चाचपले, तर वही घरी विसरलेली. (शंभूला डोळे मिटलेले दिसले ते यामुळे. मी मिटले नव्हते, आठवत होतो.) पण एकेक नाव येत गेलं, आणि वाडा मागून जाब देत गेला. मधेच मला जाणवलं की आज खाण गप्प आहे. जाब नाही, पण साधा प्रतिध्वनीही नाही. आमचा एवढा मोठा आवाज त्या खड्ड्यात जात होता आणि परत येतच नव्हता, जणू खाली ऐकायला कुणी उरलंच नव्हतं. मागे मात्र आवाज वाढला होता. मानेला गार हवा लागली, ओल्या चिऱ्याचा वास आला. मी वळून बघितलं नाही. इनासाने बघितलं. त्याने सावकाश मान वळवून माझ्या मागे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं, आणि ओळखीच्यांना करतात तशी मान हलवली.

शेवटी रिवाजाप्रमाणे पानातून उकडलेले चणे वाटले. भाग्यलक्ष्मीने बेचाळीस पानं बांधली होती. माणसं मी दोनदा मोजली, अंगावरची पोरं धरून चौतीस. एकही पान उरलं नाही. शंभूला धरून विचारलं, त्याने आईची शपथ घेऊन दोन जास्तीची कबूल केली. (नास्तिकाने शपथ कशी घेतली हा प्रश्न सभेपुढे यावा.) बेचाळीसांतून छत्तीस वजा करा. गणित तुमचा विषय, मी भाषेचा. इनासाने खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक केली आणि मला म्हातारपणात, भर वाड्यात, रडू आलं.

नवव्या दिवशी, मंगळवारी, तो गेला. झोपेतच गेला. आपलं काशांव, म्हणजे शेवटची पेटी, त्याने दहा वर्षांपूर्वीच करून ठेवली होती, आणि पेटी रिकामी कशाला ठेवा म्हणून रोजा तीत वर्षाची सोलं भरायची. ती घाईघाईने काढून पेटी पुसली, पण वास कुठे जातो? इनास मेस्त आमसुलाच्या वासात गेला. पेटीचा एक कोपरा माझ्या खांद्यावर होता. सगळे कोन काटकोनात होते.

मग मी पुन्हा बाराला खुर्सापाशी गेलो. पहिलं नाव घेतलं. खाणीतून आलं, 'मारिया, रिया, या'. निव्वळ प्रतिध्वनी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आज अठरावा दिवस. शास्त्र जिंकलं, भावोजी, आपल्या मंडळाला हवं होतं ते अगदी तसंच्या तसं झालं, आणि मी खुर्साच्या पायरीवर डोकं टेकून बसलो. त्या सहांचं पुरं झालं, ते गेले. पण इनास कुठे गेला, हे विचारायला माझ्याकडे गुण्याच नाही.

असो, घडलं ते लिहिलं. चिटणीसपदाचा राजीनामा सोबत जोडलेला नाही, कारण तो स्वीकारायला सभा लागेल आणि सभेला मीच यावं लागेल. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला जपा.

तुमचा, अजून तरी तुमचाच,
गोकुळदास

ता. क. हे पत्र ताईच्या हाती पडू देऊ नका. ती गुरुवारचा दुसरा दिवा लावेल, पोटासाठी.

ता. क. दुसरा. एवढं मोठं पत्र लिहिलं ते ज्यासाठी, ते लिहायचं राहिलंच. रोजा घराला कुलूप लावून मुंबईला लेकीकडे गेली. जाताना इनासाचा गुण्या मला दिला आणि सांगितलं की बाकडं आता तुमचं. भावोजी, ते दोघांचं बाकडं आहे. टोकाला बसलो तर उलटतं, म्हणून मी मधोमध बसतो, तिकिटाच्या खिडकीवरच्या कारकुनासारखा, आणि समोर 'नाही' म्हणायला कोणी नाही. तुम्ही पावसाळाभर इकडे येऊन राहाल का? तुम्हाला काही मानावं लागणार नाही. दुपारी जेवण झालं की पलीकडच्या टोकाला बसायचं आणि माझी बाजू मांडायची. इनासाची बाजू मी मांडेन, ती मला तोंडपाठ आहे. बस वाळपईहून थेट आहे. नाही म्हणू नका, म्हणजे इथे आल्यावर म्हणा.

ता. क. तिसरा, सोमवार दुपार. काल रविवार, पत्र पेटीत पडलं नाही ते बरं झालं. तुम्ही सवडीने आलात तरी चालेल. आज जेवून हात धुतले आणि डोक्यात तुमच्या गुडघ्याचा विचार होता, त्या नादात फणसाखाली जाऊन बसलो, जुन्या सवयीने, माझ्या टोकाला. बराच वेळ बसलो. गुण्याविषयीचा एक मुद्दा सुचला तो मोठ्याने बोलूनही टाकला. मग ध्यानात आलं की मी पडलेलो नाही. बाकडं हललंही नव्हतं. भाग्यलक्ष्मीने माझ्या टोकाखाली चिरा सारला असेल म्हणून तिला हाक मारून विचारलं, ती स्वयंपाकघरातूनच नाही म्हणाली. खाली वाकून मात्र मी बघितलं नाही.